सूर्यावरचे डाग आणि तात्यांची बैलजोडी



२०२४ सालची गोष्ट. मृग लागायला चार-पाच दिवस होते. सकाळी मी कार्यालयात येऊन बसतो न बसतो तोच आमच्या भागातले एक वयस्कर शेतकरी दारात उभे राहिले. सारा गाव त्यांना तात्या म्हणतो, म्हणून मीही तात्याच म्हणतो. त्यांच्या हातात नातवाचा मोबाईल होता.

"साहेब, हे वाचा जरा. सूर्याला डाग पडल्यात म्हणं, लई मोठं. औंदा पावसाचं काय खरं न्हाई."

मी वाचले. सूर्यावर प्रचंड डाग आले आहेत, त्यामुळे उष्णता वाढेल, ढग जळून जातील आणि यंदा कोरडा दुष्काळ पडेल, असा तो मजकूर होता. खाली सही कोणाचीच नव्हती. एरवी तात्या असल्या मजकुराला हसले असते. पण आदल्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, ते चांगलेच पोळले होते. त्या सालचा ऑगस्ट महिना देशात १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा गेला होता. ऐन फुलोऱ्यात पावसाने दडी मारली आणि तात्यांचे सोयाबीन हातचे गेले. दुधाने पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे त्यांचे झाले होते. घेतलेले बियाणे परत करायचे आणि सगळे विकायला निघण्याआधी येत्या बाजारी बैलजोडी विकून मोकळे व्हायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

मी म्हणालो, "बसा तात्या. बैल तुमचे आहेत. ठेवायचे की विकायचे ते तुम्ही ठरवा. पण सूर्याच्या नावावर विकू नका. हे डाग म्हणजे काय, ते आधी ऐकून घ्या."

त्या दिवशी चहा घेता घेता जे बोलणे झाले, तेच आज आपल्यापुढे मांडतो.

निम्मे खरे, निम्मे खोटे

त्या मजकुरातला पहिला भाग खरा होता. मे २०२४ मध्ये सूर्यावर डागांचा एक मोठा पुंजका आला होता. त्याची लांबी पृथ्वीच्या व्यासाच्या दहा पटींहून अधिक होती. त्या पुंजक्यातून स्फोट झाले आणि १० व ११ मे रोजी पृथ्वीवर २००३ नंतरचे सर्वांत जोरदार चुंबकीय वादळ आले. लडाखमधील हानले येथे त्या रात्री आकाश तांबडे झालेले दिसले. इथपर्यंत सगळे खरे. पण त्यावरून काढलेला दुष्काळाचा निष्कर्ष मात्र खोटा. आणि निम्मे खरे हे पुरत्या खोट्यापेक्षा माणसाला लवकर फसवते.

डाग म्हणजे काळे भोक नव्हे

सूर्य हा तापलेल्या वायूचा गोळा आहे. त्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या १०९ पट. त्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असते. डागाच्या मध्यभागी ते ३,५०० ते ४,००० अंशांच्या आसपास असते. म्हणजे डागही धगधगताच असतो. भोवतालच्या झगमगाटापुढे तो काळा दिसतो, इतकेच. भर दुपारच्या उन्हात पेटवलेला कंदील विझल्यासारखा दिसतो, तसे हे आहे.

पण तेवढीच जागा थंड का पडते? गुऱ्हाळावरची काहील डोळ्यांपुढे आणा. चुलवणाची आच खाली असते, पण रस वरपर्यंत उकळतो. कारण तळाचा तापलेला रस वर येतो आणि वरचा निवलेला खाली जातो. सूर्याच्या बाहेरच्या सुमारे दोन लाख किलोमीटर जाडीच्या थरात वायूची अशीच उकळी चालू असते आणि तीच आतली उष्णता वर आणून पोचवते. जिथे डाग असतो तिथे ही उकळी अडते. उष्णता वर कमी येते आणि तेवढी जागा निवते.

उकळी अडवतो कोण? तर चुंबक.

औषधविक्या, ब्रूअरीवाला आणि दोन पट्टे

चुंबकापर्यंत पोचायला माणसाला बराच काळ लागला. दुर्बिणीतून डाग पाहणे १६१० च्या सुमारास सुरू झाले. जर्मनीतील देसाऊ गावच्या हाइनरिख श्वाबे नावाच्या औषधविक्याने १८२६ पासून रोज सूर्य पाहून डाग मोजण्याचा नेम धरला. त्याला खरे तर बुधाच्या आतल्या बाजूस एखादा ग्रह सापडतो का ते पाहावयाचे होते. ग्रह सापडला नाही. पण सतरा वर्षांच्या वहीवरून एक निराळीच गोष्ट दिसली: डाग ठराविक वर्षांनी वाढतात आणि ठराविक वर्षांनी कमी होतात. हे चक्र सरासरी ११ वर्षांचे आहे, असे पुढे ठरले.

त्यानंतर इंग्लंडच्या रिचर्ड कॅरिंग्टनने १८५३ ते १८६१ अशी वर्षे डागांच्या जागा मोजल्या. पुढे वडिलांची बिअरची भट्टी सांभाळावी लागली म्हणून त्याला हे काम सोडावे लागले. पण तोवर दोन मोठ्या गोष्टी त्याच्या हाती लागल्या होत्या. पहिली अशी की, सूर्य सगळीकडे सारख्या वेगाने फिरत नाही. त्याच्या विषुववृत्तावरची, म्हणजे कमरेवरची फेरी सुमारे २५ दिवसांत पुरी होते, तर ध्रुवांकडे तिला सुमारे ३५ दिवस लागतात. दगडासारखा घट्ट गोळा असा फिरू शकत नाही. वायूचा गोळा फिरू शकतो.

दुसरी गोष्ट अशी की, डाग वाटेल तिथे पडत नाहीत. विषुववृत्ताच्या उत्तरेस एक आणि दक्षिणेस एक असे त्यांचे दोन पट्टे असतात. चक्राच्या सुरुवातीस नवे डाग ३० ते ३५ अंशांच्या आसपास उगवतात. ऐन भरात ते १५ अंशांच्या सुमारास असतात आणि चक्र संपताना ७-८ अंशांवर, विषुववृत्ताच्या जवळ येतात. ४० अंशांपलीकडे डाग क्वचितच पडतो आणि ध्रुवांवर तर नाहीच. लक्षात घ्या, एकच डाग सरकत सरकत खाली येतो असे नाही. एकेक डाग काही दिवस, फार तर काही महिने टिकतो. सरकतो तो उगवण्याचा पट्टा. यंदा एका वाफ्यात, पुढच्या साली खालच्या वाफ्यात, असा हा पेरा चालतो. १९०४ साली अ‍ॅनी आणि वॉल्टर माँडर या पतिपत्नींनी हे सारे डाग कागदावर मांडले, तेव्हा पंख पसरलेल्या फुलपाखरांची रांग असावी तशी आकृती तयार झाली.

पट्टे दिसले, पण त्यांचे कारण कळेना. १९०८ साली अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज एलरी हेल यांनी डागाच्या प्रकाशाची तपासणी केली. प्रबळ चुंबकाच्या सान्निध्यात प्रकाशातील रेषा दुभंगतात, हे प्रयोगशाळेत माहीत झालेले होते. डागाच्या प्रकाशातही तशाच रेषा दुभंगलेल्या मिळाल्या. डागाचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हजारो पट निघाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९०९ मध्ये, आपल्या देशात कोडाईकनालच्या वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांनी डागातून वायू बाहेरच्या बाजूस पसरत वाहतो हे शोधून काढले.

चऱ्हाटाचा पीळ

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चुंबकाचा आणि डागांच्या जागेचा संबंध काय?

शाळेतला प्रयोग आठवा. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कमानीसारख्या रेषा दिसतात. सूर्यावर डाग अगदी कमी असतात त्या काळात त्याच्या चुंबकाच्या रेषा अशाच एका ध्रुवाकडून दुसऱ्या ध्रुवाकडे, उत्तर-दक्षिण गेलेल्या असतात. सूर्यातला वायू इतका तापलेला असतो की त्यातून वीज वाहते. अशा वायूला चुंबकाच्या रेषा जणू चिकटून राहतात. वायू जिकडे जाईल तिकडे त्या ओढल्या जातात.

हिशेब करा. २५ दिवसांची एक फेरी म्हणजे विषुववृत्तावर वर्षाला साडेचौदा फेऱ्या झाल्या. ३५ दिवसांची एक म्हणजे ध्रुवांकडे साडेदहाच्या आत. म्हणजे दर वर्षी कमरेचा भाग चार फेऱ्यांनी पुढे जातो आणि तीन वर्षांत बारा. उभी ताणलेली दोरी मधोमध धरून कोणी गोल गोल पुढे ओढत नेली, तर ती भोपळ्याभोवती सूत गुंडाळावे तशी आडवी गुंडाळली जाईल. सूर्याच्या आत नेमके हेच घडते. उभ्या रेषा आडव्या होतात, एकमेकींजवळ येतात आणि त्यांचे जाड, ताकदीचे चऱ्हाट बनते. अमेरिकेतील होरेस बॅबकॉक यांनी १९६१ साली ही कल्पना सुसंगतपणे मांडली.

चऱ्हाटाला पीळ अती झाला की काय होते ते आपणास ठाऊक आहे. मधूनच एक वेढा उसळून वर येतो. सूर्यातही चुंबकाच्या चऱ्हाटाचा वेढा वर येतो. चुंबकाचा स्वतःचाच दाब असल्याने त्या दोरातला वायू विरळ होतो, आणि विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीवरचा रिकामा डबा जसा पाण्यावर येतो, तसा तो हलका दोर पृष्ठभागाकडे उचलला जातो. कमान पृष्ठभाग फोडून बाहेर येते, तेव्हा तिचे दोन पाय पृष्ठभागात रोवलेले असतात. ते दोन पाय म्हणजेच डाग. म्हणून डाग बहुधा जोडीने येतात, बैलांसारखे: एक पुढचा, एक मागचा. एक उत्तर ध्रुवाचा, दुसरा दक्षिण ध्रुवाचा.

आता पट्ट्यांचा उलगडा होतो. विषुववृत्ताच्या अगदी लगत शेजारशेजारचे भाग जवळजवळ एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे तिथे पीळ बसत नाही. शिवाय उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे चऱ्हाट उलट दिशांना वळलेले असल्याने तिथे ती एकमेकांना मारक ठरतात. मधल्या अक्षांशांत वेगातला फरक मोठा असतो. तिथे पीळ आधी भरतो आणि पहिले डाग तिथे उगवतात. मग हळूहळू खालच्या अक्षांशांतला पीळ भरत जातो आणि डागांचा पट्टा विषुववृत्ताकडे सरकतो. सूर्याच्या आत खोलवर विषुववृत्ताकडे वाहणारा संथ प्रवाहही या सरकण्याला हातभार लावतो, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. हे चऱ्हाट दोन लाख किलोमीटर खोल वळले जाते की पृष्ठभागाजवळ, याबद्दल आजही दोन मते आहेत. पण डागाची जागा चुंबक ठरवतो, याबद्दल दुमत नाही.

याचा पुरावाही देखणा आहे. उत्तरेच्या पट्ट्यातील जोड्यांमध्ये पुढचा डाग उत्तर ध्रुवाचा असेल, तर दक्षिणेच्या पट्ट्यात पुढचा डाग दक्षिण ध्रुवाचा असतो. पुढच्या चक्रात हे बरोबर उलटते. क्वचित अपवाद सोडले तर हा नियम पाळला जातो.

पुढच्या हंगामाचे बियाणे

जोडीतला पुढचा डाग विषुववृत्ताच्या किंचित जवळ असतो आणि मागचा किंचित दूर. एवढ्याशा कलण्यावर पुढचे सारे अवलंबून असते. डाग विरून गेले तरी त्यांचे चुंबकत्व लगेच जात नाही. दोन्ही पट्ट्यांतल्या पुढच्या डागांचे चुंबकत्व विषुववृत्तावर एकमेकांत जिरते. मागच्या डागांचे राहिलेले चुंबकत्व ध्रुवांकडे वाहत जाते, कारण पृष्ठभागावर ध्रुवांकडे जाणारा ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाचा प्रवाह असतो. ते तिथे पोचून आधीचे चुंबकत्व पुसते आणि उलट्या जातीचे चुंबकत्व रुजवते. त्यामुळे डागांच्या ऐन भरात सूर्याच्या ध्रुवांची अदलाबदल होते. ११ वर्षांनी ती पुन्हा होते. म्हणजे चुंबकाचे पुरे चक्र २२ वर्षांचे.

ध्रुवांवर साठलेले हे चुंबकत्व म्हणजे पुढच्या हंगामाचे राखून ठेवलेले बियाणेच. बियाणे कसदार तर पीक जोमदार. २००८ च्या सुमारास सूर्याचे ध्रुव अशक्त होते आणि २०१४ साली भरात आलेले चक्र अशक्तच निघाले. आधीच्या चक्रात डागांचा आकडा सुमारे १८० पर्यंत चढला होता, या खेपेस तो ११६ वरच थांबला. त्यानंतरचे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. मे २०२४ मधले डाग म्हणजे त्या चक्राचा बहर. कसला कोप नव्हे आणि अपशकुनही नव्हे.

मग पावसाचे काय?

इथवर ऐकून तात्या म्हणाले, "समदं खरं साहेब, पर पावसाचं सांगा."

डाग आणि पाऊस यांचा संबंध लावण्याचा प्रयत्न जुना आहे. १८०१ साली विल्यम हर्शेल यांनी डागांची तुलना इंग्लंडातील गव्हाच्या भावाशी केली होती. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात आपले दख्खन होरपळत असताना, १८७७ साली नॉर्मन लॉकियर आणि विल्यम हंटर यांनी डाग व दुष्काळ यांवर लेख लिहिला. डागांचे चक्र कळले की दुष्काळ आधी कळेल, अशी तेव्हा आशा होती. पुढे हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी आकडे तपासले, तेव्हा भाकितासाठी भरवसा ठेवावा असा संबंध त्यांना आढळला नाही. त्यांनी महासागरांवरील हवेच्या दाबाकडे लक्ष वळवले आणि तिथे मान्सूनचा खरा धागा सापडला.

आपणच पडताळून पाहू. २००२ साली देशात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा डाग भरात होते. २००९ साली पडला, तेव्हा डाग जवळजवळ नव्हतेच. १९७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा डाग उतरणीला लागले होते. तिन्ही वर्षी डागांची स्थिती निराळी. मात्र तिन्ही वर्षी पॅसिफिक महासागराचे पाणी तापलेले होते, म्हणजे एल निनो होता. २०२३ सालीही तोच होता.

राहिला उष्णतेचा प्रश्न. चक्राच्या चढ-उतारात सूर्याकडून येणारी एकूण ऊर्जा हजारात एक भाग इतकीच बदलते. आणि गंमत अशी की, डाग अधिक असतात तेव्हा सूर्य कणभर अधिक तेजस्वी असतो, कारण डागांभोवती चुंबकामुळेच उजळ ठिपकेही वाढतात. त्याने ढग जळत नाहीत.

डागांचा परिणाम पृथ्वीवर होतो, पण तो चुंबकावर आणि विजेवर. सप्टेंबर १८५९ च्या सौरवादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापके जोराने हलली. तिथल्या नोंदी जगभरचे शास्त्रज्ञ आजही अभ्यासतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून हे काम १९०४ पासून अलिबागला नेण्यात आले. मार्च १९८९ मध्ये अशाच वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोकांची वीज नऊ तास गेली. आणि मे २०२४ मध्ये अमेरिकेत मक्याच्या ऐन पेरणीत उपग्रहाच्या खुणेवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांची वाट चुकू लागली, म्हणून कित्येकांना ते थांबवावे लागले. यासाठीच सूर्यावर पहारा लागतो. आपले आदित्य-एल१ हे यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर राहून तो पहारा करीत आहे. त्यावरची सूर्याची छायाचित्रे घेणारी एक दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झाली आहे.

मुलांना दाखवावयाचे असल्यास

सूर्याकडे साध्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कधीही पाहू नये. दृष्टी कायमची जाते. शाळेतील गुरुजींच्या देखरेखीखाली साधी दोन नळ्यांची छोटी दुर्बीण तिवईवर बांधावी, एका नळीवर झाकण घालावे आणि दुसरीतून येणारा उजेड सावलीत धरलेल्या पांढऱ्या कागदावर पाडावा. सूर्याचे बिंब कागदावर उमटते आणि मोठे डाग त्यात ठिपक्यांसारखे दिसतात. पाहावयाचे ते कागदाकडे. दुर्बिणीला डोळा लावावयाचा नाही आणि ती उन्हात तशीच सोडावयाची नाही. रोज एकाच वेळी कागदावर वर्तुळ काढून डागाची जागा टिपली, तर सूर्य फिरतो हे मुलांना आठवड्याभरात स्वतःच्या हाताने कळेल.

तात्यांनी काय केले

मी तात्यांना तीन कामे सांगितली. बियाणे परत करण्याऐवजी त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. सत्तर उगवले तर बियाणे पेरणीजोगे समजावे. हवामान खात्याचा पावसाचा अंदाज आणि दर मंगळवारी व शुक्रवारी निघणारा कृषिसल्ला पाहावा. आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल उतरल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये.

तात्यांनी बैलजोडी विकली नाही. त्या साली देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला. दिवाळीला भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, तुमचं भविष्य खरं ठरलं." मी त्यांना तिथेच थांबवले. मी भविष्य सांगितलेच नव्हते. त्या साली पाऊस कमी झाला असता, तरी तो डागांमुळे कमी झाला असे म्हणता आले नसते. एका सालावरून काहीच सिद्ध होत नाही. पण आपल्या दावणीचे बैल कोणाच्या निनावी मजकुरावर सोडावयाचे नाहीत, एवढे मात्र सिद्ध होते.

डाग पुन्हा कमी होतील आणि पुन्हा वाढतील. ते वाढतील तेव्हा असे मजकूरही पुन्हा येतील. अशा वेळी दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: दिसले काय, आणि त्यावरून काढले काय? पहिल्याचे उत्तर खरे असले म्हणजे दुसऱ्याचेही खरे असते असे नाही. ज्या घरात हे दोन प्रश्न विचारले जातात, त्या घरची बैलजोडी घाईने बाजाराला जात नाही.